हातांची वंशावळ

बिडकीनच्या नकाशात आधी दिसतात ते रस्ते. छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या दिशेने निघाले की वीसेक किलोमीटरवर हे गाव लागते आणि त्याच्या शेजारी आता ७,८५५ एकरांचे औद्योगिक क्षेत्र आखलेले आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेचा हा भाग. तीन टप्प्यांत ६,४०० कोटी रुपयांहून अधिक खर्च धरलेला; २९ सप्टेंबर २०२४ रोजी त्याचे लोकार्पण झाले. पाणी, वीज, सांडपाण्याची वाहिनी आधी भूखंडाच्या कुंपणापर्यंत पोचवायची आणि मग उद्योगांना बोलवायचे, अशी इथली रीत. टोयोटा किर्लोस्कर, जेएसडब्ल्यू, एथर, लुब्रिझॉल ही नावे याच रीतीने बिडकीनशी जोडली गेली. मोटार, बॅटरी, रसायन यांचा कारखाना भांडवल, यंत्रे आणि आराखडा घेऊन नव्या जागी उभा करता येतो, हे वाळूज आणि शेंद्रा या इथल्या जुन्या औद्योगिक वसाहती पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

पण उद्या याच पट्ट्यात रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून औषध बनवायचे ठरले तर? प्रश्न हवेतला नाही. असे औषध महाराष्ट्रात बनते. ४ एप्रिल २०२४ रोजी पवईच्या आयआयटी मुंबईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘नेक्सकार-१९’ या उपचाराचे लोकार्पण झाले. रक्ताच्या काही कर्करोगांवरची, भारतातच घडवलेली ही पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल सेंटर आणि या कामातून २०१८ साली उभी राहिलेली ‘इम्युनोॲक्ट’ कंपनी यांनी मिळून ती तयार केली. परदेशात अशा उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागतात. इथे तो सुमारे दहाव्या हिश्शात बसवला गेला.

हे औषध बनते कसे, ते आधी पाहू. रुग्णाचे रक्त एका यंत्रातून फिरवून त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात आणि उरलेले रक्त त्याच्याच अंगात परत जाते. त्या पेशींमधून टी-पेशी निवडतात, त्यांना जागे करतात आणि लेंटिव्हायरस नावाच्या, रोग पसरवण्याची ताकद काढून घेतलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून एक नवे जनुक त्यांच्यात सोडतात. त्या जनुकामुळे टी-पेशीच्या पृष्ठभागावर एक नवा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, उगवतो. कर्करोगी बी-पेशींवर ‘सीडी-१९’ नावाचे प्रथिन असते. हा ग्राहक ते नेमके ओळखतो. मग आठवडा-दीड आठवडा या पेशी उबेत ठेवून वाढवतात, तपासतात, गोठवतात आणि परत त्याच रुग्णाला देतात.

इथे एक रुग्ण म्हणजे एक बॅच. गोळ्यांच्या कारखान्यात एका खेपेत लाखो गोळ्या निघतात, त्यातल्या काही फोडून तपासता येतात, बिघडलेली खेप फेकता येते. इथे खेप फेकणे म्हणजे एका माणसाची वेळ फेकणे. आणि तो माणूस बहुधा बाकीचे सगळे उपचार करून थकलेला असतो. कच्चा माल दर वेळी निराळा, कारण प्रत्येकाच्या पेशी निराळ्या, त्यातून केमोथेरपीने खंगलेल्या. तयार औषध शेवटी गाळून किंवा उकळून निर्जंतुकही करता येत नाही, कारण ते जिवंत आहे. म्हणून पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत निर्जंतुकपणा हातानेच राखावा लागतो.

तो हात कुठून येतो? या औषधाचा मागोवा घेतला तर पेटंटांच्या आणि यंत्रांच्या आधी माणसेच भेटत जातात. एकजण कुणाच्या तरी प्रयोगशाळेत जाऊन त्याच्या शेजारी बसला, शिकला आणि परत आला. आणि दर वेळी त्या शिकण्याच्या वर्षांचा खर्च कुणीतरी, पुढे काय निघेल याची खात्री नसताना, उचलला.

बाटली क्रमांक ५३-एन

महाराष्ट्रात जिवंत गोष्टीपासून औषध बनवण्याची गोष्ट प्लेगपासून सुरू होते. १८९६ च्या शरदात मुंबईत प्लेग आला तेव्हा वॉल्डेमार हाफकिन यांना बोलावण्यात आले. ओडेसाचे हे शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शिकून तयार झालेले. पटकीच्या लशीसाठी ते १८९३ पासून भारतात होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि तिच्या बाहेरची पडवी मिळाली. तिथे त्यांनी प्लेगचे जंतू मटणाच्या रश्श्यासारख्या द्रवात वाढवले. द्रवावर तुपाचे थेंब सोडले की जंतू त्या थेंबांना धरून झुंबरासारखे खाली लोंबत वाढतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. तुपाने पीक भरघोस येई. मग ते उष्णतेने मारून लस बने. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. आजची हाफकिन इन्स्टिट्यूट तीच. हे नाव तिला १९२५ मध्ये मिळाले.

पेशी-औषधांच्या वंशावळीत हाफकिन यांना जागा मिळते ती लशीइतकीच एका अपघातामुळे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हे १९ जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. बाटलीवर क्रमांक होता : ५३-एन. त्याच दिवशी इतर बाटल्यांमधून टोचलेल्यांना काही झाले नाही. संशय परळवर आला. लशीत कार्बोलिक आम्ल घालण्याची जुनी पद्धत सोडून हाफकिन यांनी उष्णतेने निर्जंतुक करण्याची पाश्चर इन्स्टिट्यूटची पद्धत आणली होती, आणि तीच कारणीभूत धरली गेली. हाफकिन यांचे पद गेले. पुढे पुरावे तपासता निघाले असे, की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये ‘द टाइम्स’मधून हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त ठरले.

या प्रकरणातले दोन धडे आजच्या प्रत्येक क्लीनरूममध्ये नियम होऊन बसले आहेत. एक, प्रत्येक खेपेला क्रमांक हवा आणि तिची कागदोपत्री वाट शेवटच्या हातापर्यंत सापडायला हवी. क्रमांक नसता तर हाफकिन कायमचे दोषीच राहिले असते. दोन, प्रयोगशाळा कितीही चोख असली तरी औषध शेवटी सर्वांत कमी शिकवलेल्या हाताइतकेच सुरक्षित असते. परळमध्ये लस बनवणाऱ्यांना शिकवले गेले होते. मुल्कोवालच्या मदतनिसाला कुणी किती शिकवले होते, हा प्रश्न चौकशीत मध्यभागी यायला पाच वर्षे लागली.

बाल्टिमोरहून परळ

जंतू वाढवणे एक आणि प्राण्याची पेशी शरीराबाहेर जगवणे दुसरे. जंतू हटवादी असतात, कुठेही वाढतात. पेशीला सगळे लागते : ऊब, योग्य प्रमाणात कार्बन डायऑक्साइड, क्षार, साखर, वाढीचे घटक. आणि शेजारी एखादा जंतू शिरला की तो पेशीला एका रात्रीत खाऊन टाकतो. १९०७ मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या मज्जापेशी लसिकेच्या लोंबत्या थेंबात वाढवून दाखवल्या. १९१२ पासून ॲलेक्सिस कॅरेल यांच्या न्यूयॉर्कमधल्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातल्या पेशी वाढवल्या जाऊ लागल्या आणि त्या अमर असल्याचे जगाला सांगितले गेले. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवले की साध्या मानवी पेशी ठरावीक वेळा विभागून थांबतात. कॅरेल यांची ‘अमर’ पेशी बहुधा खाद्यातून नकळत नव्या पेशी घातल्या गेल्याने टिकत होती, असे आता मानले जाते. पेशी-संवर्धनात हाताची सवय निष्कर्षही बदलू शकते, हे यातून कळले.

याच कामातले एक मोठे नाव म्हणजे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले जॉर्ज गाय. नळ्या सतत हळूहळू फिरवत ठेवून पेशींना आळीपाळीने खाद्य आणि हवा देण्याची युक्ती त्यांनी बसवली. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या पेशी त्यांच्याच प्रयोगशाळेत अखंड वाढू लागल्या. ‘हीला’ नावाने त्या जगभर गेल्या.

या गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करून आलेल्यांमध्ये पुण्याच्या एक संशोधिका होत्या : कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म ८ नोव्हेंबर १९१७. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. शाळा हुजूरपागा, पदवी फर्ग्युसनची, आणि एम.एस्सी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून, तीही सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर. लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि व्ही. आर. खानोलकर यांच्या हाताखाली, टाटा मेमोरियल रुग्णालयात, कर्करोगाच्या संशोधनात शिरल्या. १९४९ मध्ये पीएच.डी. झाली. खानोलकरांनी त्यांना अमेरिकेत जायला उत्तेजन दिले आणि फेलोशिप घेऊन त्या गाय यांच्याकडे गेल्या. शिकायचे काय, तर ऊती-संवर्धन. परतल्यावर त्यांनी १९५२ मध्ये परळला स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊती-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. भारतातली या प्रकारची पहिली प्रयोगशाळा म्हणून ती ओळखली जाते.

खानोलकर स्वतः विकृतिशास्त्रातले. पेशी वाढवण्याचे तंत्र त्यांना स्वतःला शिकवता आले नसते. कुणाला कुठे पाठवायचे, हे मात्र त्यांना ठाऊक होते. संस्था चालवणाऱ्याला लागणारे हे कौशल्य अर्जात दिसत नाही आणि अहवालातही नाही. त्या वेळची त्यांची निवड पाहा : एका तरुण मराठी संशोधिकेला समुद्रापलीकडे धाडले ते उपकरण विकत आणायला नव्हे, हात बसवून आणायला. काच इथेही मिळाली असती. विरजण तिथून आणायचे होते.

रणदिवे यांनी पुढे उंदरांतल्या स्तनांच्या कर्करोगावर, संप्रेरकांच्या आणि विषाणूंच्या नात्यावर काम केले. परळच्याच या प्रयोगशाळांतून सी. व्ही. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरोग्यांकडून मिळवलेला एक जंतू वाढवला. संस्थेच्या आद्याक्षरांवरून तो ‘आयसीआरसी’ जंतू म्हणून ओळखला जातो आणि त्यापासून पुढे कुष्ठरोगावर लस बनवली गेली. १९६६ ते १९७० रणदिवे या संस्थेच्या हंगामी संचालक होत्या. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापणाऱ्यांत त्या होत्या. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले.

संस्थेचे नाव आणि घर नंतर बदलत गेले. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले होते आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. १९६६ मध्ये ही संस्था, म्हणजे नव्या नावाची कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट, आणि रुग्णालय मिळून टाटा मेमोरियल सेंटर झाले. २००२ मध्ये संशोधनाचा मोठा भाग नवी मुंबईत खारघरला ‘ॲक्ट्रेक’ या आवारात गेला. पुढे याच आवारात कार-टी पेशी भारतात पहिल्यांदा रुग्णाला दिल्या जाणार होत्या.

सिएटलहून आणलेला मज्जेचा धडा

पेशी वाढवणे आणि पेशी औषध म्हणून माणसाला देणे यांच्या मधला पूल म्हणजे अस्थिमज्जेचे रोपण. हे तंत्र अमेरिकेतल्या सिएटलमध्ये ई. डोनाल थॉमस आणि त्यांच्या चमूने अनेक अपयशांतून घडवले. थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळाले. मुंबईचे डॉ. सुरेश अडवानी त्यांच्याकडे शिकून आले. लहानपणी पोलिओ झाल्याने अडवानी चाकांच्या खुर्चीवर असत. २० मार्च १९८३ रोजी टाटा मेमोरियलमध्ये त्यांनी भारतातले पहिले अस्थिमज्जा रोपण केले. रुग्ण ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी, दाता तिचा भाऊ.

मज्जारोपणात पेशीत काही बदल करत नाहीत. पण नंतरच्या पेशी-औषधांना लागणारी बहुतेक शिस्त इथेच रुळली. दात्याच्या पेशी मोजून घेणे, रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी मोकळी करणे, प्रतिकारशक्ती शून्यावर आलेल्या माणसाला गाळलेल्या हवेच्या खोलीत आठवडे सांभाळणे, आणि रात्री दोनला ताप चढला तर नर्सने काय करायचे हे आधी ठरवून ठेवणे. आज कार-टी पेशी चढवण्याआधी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही दोन औषधे देऊन जागा करतात, आणि नंतर प्रतिकारशक्तीच्या भडक्याची वाट पाहत रुग्णाला नजरेखाली ठेवतात. मज्जारोपणाचा विभाग जिथे मुरलेला नाही तिथे हे जमत नाही. म्हणूनच पुढे कार-टीचा पहिला प्रयोग मज्जारोपणाच्याच वॉर्डात झाला.

पेशीला दिलेला नवा ग्राहक

टी-पेशीला प्रतिपिंडाचे डोळे लावायची कल्पना इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या झेलिग एश्हार यांच्या गटाने १९८९ मध्ये प्रत्यक्षात आणली. नंतर सुट्टीचे वर्ष घेऊन ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्याकडे गेले आणि कर्करोगाच्या रुग्णांकडे जाण्याची दिशा तिथे पक्की झाली. पुढे फिलाडेल्फियातल्या कार्ल जून यांच्या चमूने घडवलेल्या पेशी २०१२ मध्ये एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला दिल्या गेल्या. तापाने ती मरणाच्या दारात गेली. संधिवातावरचे एक औषध देऊन ती सावरली आणि ल्युकेमियातून मुक्त झाली. त्याच कामातून आलेल्या ‘किमरिया’ला ३० ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेत मान्यता मिळाली.

त्या काळात राहुल पुरवार आयआयटी मुंबईत आपली प्रयोगशाळा बसवत होते. अमेरिकेतून संशोधनाचा अनुभव घेऊन ते इथे रुजू झालेले. परदेशी कार-टी विकत घेऊन भारतातल्या रुग्णांना देण्याचा हिशेब कधीच जमणारा नव्हता; म्हणून पेशीही इथे, विषाणूही इथे, चाचण्याही इथे, असे ठरले. टाटा मेमोरियलचे डॉ. हसमुख जैन आणि डॉ. गौरव नरुला रुग्णांच्या बाजूने सोबत आले. ग्राहकाचा प्रतिपिंडाचा भाग उंदराचा होता, तो माणसाच्या जवळचा करण्यात आला. या कामातल्या अलका द्विवेदी पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत पोस्टडॉक्टरल संशोधक झाल्या. तिथल्या निराली शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांशी मुंबईच्या गटाचे शिकण्या-शिकवण्याचे नाते होते. एश्हार ज्या आवारात गेले होते, तिथूनच तीन दशकांनंतर मुंबईकडे मदत आली.

खर्चाचा मोठा वाटा सार्वजनिक पैशाचा. पहिल्या मानवी चाचणीसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने, त्याच्या ‘बायरॅक’ या शाखेमार्फत चालणाऱ्या राष्ट्रीय मोहिमेतून, १९.१५ कोटी रुपये दिले. ४ जून २०२१ रोजी, कोविडची दुसरी लाट ओसरत असताना, ॲक्ट्रेकच्या मज्जारोपण विभागात भारतातल्या पहिल्या रुग्णाला कार-टी पेशी चढवल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी मान्यता दिली. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हेमॅटॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या अहवालात ६४ रुग्णांच्या चाचण्यांची हकिगत आहे, ज्यांच्यात परिणाम मोजता आला त्यांच्यापैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. हे सगळे बाकीचे उपचार करून थकलेले रुग्ण होते.

स्वस्ताईचे श्रेय बऱ्याचदा ‘भारतीय जुगाडा’ला दिले जाते. ते अन्यायाचे आहे. महाग विषाणू आयात न करता स्वतः बनवणे, पेशी परदेशी न पाठवणे, इथले पगार आणि इथली रुग्णालये, हे तर आहेच. शिवाय परळच्या ऊती-संवर्धनाचा, मज्जारोपणाचा आणि अणुऊर्जा विभागाने सांभाळलेल्या संस्थेचा सत्तर वर्षांचा खर्च आधीच झालेला होता. तो या औषधाच्या बिलात धरलेला नाही.

वाळूजची फांदी

या वंशावळीची एक फांदी बिडकीनच्या अगदी जवळ फुटलेली आहे. संभाजीनगरच्या पश्चिमेला वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, जिथे १९८५ पासून बजाजच्या गाड्या बनतात, तिथेच वॉकहार्टचे बायोटेक पार्क आहे. २००३ मध्ये वॉकहार्टने ‘वोसुलिन’ हे मानवी इन्सुलिन बाजारात आणले. ‘हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा’ नावाच्या यीस्टमध्ये मानवी जनुक घालून, त्या यीस्टकडून इन्सुलिन बनवून घ्यायचे, अशी ती रीत. हे यीस्ट औषधकामाला जुंपण्याचे कसब जर्मनीतल्या राइन बायोटेककडे होते. वॉकहार्टने त्यांच्याशी भागीदारी केली. म्हणजे इथेही तंत्राबरोबर माणसे शिकवावी लागलीच, फक्त त्यांच्या शिकण्याचा खर्च कंपनीने केला.

मराठवाड्यासाठी याचा अर्थ मोठा आहे. या शहराच्या आसपास जिवंत पेशी वाढवून औषध बनवणारे, निर्जंतुक खोलीत पाळी-पाळीने काम करणारे, बॅच रेकॉर्ड भरणारे, तपासनिसांना सामोरे जाणारे लोक दोन दशकांहून अधिक काळ आहेत. त्यांतले कित्येक इथल्याच महाविद्यालयांतून आणि १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठातून निघाले. अर्थात यीस्टच्या टाकीतली शिस्त आणि एका माणसाच्या टी-पेशींची शिस्त एक नव्हे. टाकीतले यीस्ट सर्वांसाठी एकच असते, दर वेळी तेच बियाणे पेटीतून काढायचे. आणि त्यातून निघालेले इन्सुलिन शेवटी सूक्ष्म गाळणीतून गाळून निर्जंतुक करता येते. पण क्लीनरूममध्ये पाऊल टाकण्याआधी अंगावरचे कपडे, केस, सवयी बाहेर ठेवायची वृत्ती एकच. ती वृत्ती बिडकीनपासून तासाभराच्या अंतरावर आधीच आहे.

शिकण्याची वर्षे

पेशी-औषध बनवणाऱ्या नव्या माणसाला आज काय शिकावे लागते? सर्वांत आधी अंगावर गाउन चढवायला. बाहेरच्या बाजूला हात न लावता टोपी, मास्क, झग्याचे बंद, दोन हातमोजे. आणि मग त्याच्या हातमोज्यांचे, बाह्यांचे ठसे जंतूंच्या खाद्यावर उठवून बघतात की काही उगवते का. पेशी उघड्या हाताळायच्या जागी हवा अशी हवी, की तिच्या एका घनमीटरमध्ये अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा जास्त नकोत. अशा हवेत हात भरभर हलवले तरी कण उठतात, म्हणून हळू हलायला शिकावे लागते. मग ‘मीडिया फिल’ येते : रुग्णाच्या पेशींऐवजी नुसते पोषक द्रव घेऊन सगळी प्रक्रिया पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत करायची, द्रव चौदा दिवस उबेत ठेवायचे आणि ते गढुळते का पाहायचे. सलग तीन वेळा स्वच्छ निघाले तर त्या माणसाला खरी बॅच हाताळू देतात. पुढेही ही परीक्षा ठरावीक काळाने परत होते. मुल्कोवालच्या मदतनिसाला द्यायला हवी होती ती हीच परीक्षा. ती रूढ व्हायला अनेक दशके गेली.

हे पुस्तकातून येत नाही, कारण पुस्तक पेशींची नजर देऊ शकत नाही. सूक्ष्मदर्शकात पेशी ‘खूष’ दिसतात की ‘रुसलेल्या’ (पेशी हाताळणारे लोक असेच बोलतात), हे शेजारी बसूनच कळते. म्हणून खानोलकरांनी रणदिवेंना गाय यांच्याकडे धाडले आणि अडवानी सिएटलला जाऊन आले.

बिडकीनमध्ये पेशी-औषधाचा कारखाना उभा करण्याआधी आणखी एक साधा विचार आहे. रक्त रुग्णाजवळच काढावे लागते आणि तयार पेशी त्याच्याजवळच चढवाव्या लागतात. संभाजीनगरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे कर्करोग रुग्णालय आहे. राज्य कर्करोग संस्था म्हणून ते वाढवले जात आहे आणि त्याला टाटा मेमोरियलचे मार्गदर्शन आहे. समृद्धी महामार्ग शहराच्या अंगावरून जातो. द्रव नायट्रोजनच्या वाफेत गोठवलेल्या पेशींची पेटी त्यावरून नवी मुंबईहून काही तासांत येऊ शकते. म्हणजे पहिली पायरी कारखान्याची नव्हे. पेशी नीट काढणारे, नीट चढवणारे, आणि त्यानंतरच्या रात्रीचा ताप ओळखणारे डॉक्टर-नर्स-तंत्रज्ञ ही पहिली पायरी. त्यांना खारघरला शिकायला पाठवणे, म्हणजे रणदिवे बाल्टिमोरला गेल्या त्याच वाटेने, फक्त महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात, जाणे. दुसरी पायरी वाळूजच्या क्लीनरूममध्ये मुरलेल्या माणसांना टी-पेशींवर हात बसवायची संधी देणे, आणि विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला पदवीआधी एकदा तरी मीडिया फिल करायला लावणे. भूखंडाचा प्रश्न तिसरा.

औद्योगिक सवलती सहसा जमिनीचा दर, वीजशुल्क, मुद्रांकशुल्क, कराचा परतावा या मापांनी मोजल्या जातात. गाडीच्या कारखान्याला ही मापे पुरतात. पेशी-औषधाला यांत एक माप कमी पडते : ज्या वर्षांत माणूस फक्त शिकतो आणि विकण्याजोगे काहीच बनवत नाही, त्या वर्षांचा पगार. कधी फेलोशिपने, कधी अणुऊर्जा विभागाने, कधी बायरॅकने, कधी वाळूजच्या कंपनीने आपल्या खिशातून, पण ही वर्षे प्रत्येक वेळी कुणीतरी विकत घेऊन दिली. आणि औषध निघाले ते तिथेच. बिडकीनच्या क्षेत्राला हवे असेल तर तेही ती विकत घेऊ शकते. ७,८५५ एकरांच्या पायाभूत सुविधांवरच्या खर्चापुढे काही डझन माणसांना दोन-तीन वर्षे शिकवण्याचा खर्च किरकोळ आहे. फक्त तो रस्त्याच्या, पाण्याच्या आणि विजेच्या ओळीतच, पायाभूत सुविधा म्हणून लिहावा लागेल. आणि परतावा पहिल्या अंदाजपत्रकात मागून चालणार नाही.